वाघीण चांदोलीत, वाट मात्र खानापुरातून

संपादक महोदय,

ताडोब्याची वाघीण चांदोलीत आणल्याच्या बातम्या सीमाभागातही कौतुकाने वाचल्या गेल्या. पण जनावर आणून सोडणे हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग म्हणजे कर्नाटकातल्या जंगलांपासून चांदोलीपर्यंतची वाघांची वाट टिकवणे, आणि तो आपल्या खानापूर तालुक्यात आहे.

युरोपातल्या लिंक्सचेच बघा. कानांवर काळे झुपके असलेले हे मोठे रानमांजर. आपल्याकडे ते लडाखात आढळते. स्लोव्हेनियात 1973 साली स्लोवाकियातले सहा लिंक्स सोडले. त्यांची प्रजा क्रोएशिया, बोस्नियापर्यंत पसरली आणि मग ओसरू लागली. रक्त सहाच जनावरांचे, बाहेरून नवे यायला वाट नाही. शेवटी 2019 पासून रोमानिया, स्लोवाकियातून पुन्हा लिंक्स आणावे लागले. त्यातले पाच 2021 मध्ये मुद्दाम आल्प्सच्या कडेला सोडले, दोन गटांच्या मधला टप्पा म्हणून. मादी बहुधा आईच्या हद्दीजवळच राहते, लांब भटकतो तो नर. वाटेत मादीच नसेल तर त्याची भटकंती फुकट जाते.

स्पेन-पोर्तुगालच्या इबेरियन लिंक्सची संख्या 2002 मध्ये शंभराच्या आत होती, 2024 च्या गणनेत 2401. तिथे लिंक्स सोडायची जागा ठरते सशांवरून: एका लिंक्सला रोज साधारण एक ससा, पिल्लांच्या आईला तीन. बंदिवासात जन्मलेल्या पिल्लांना माणसांपासून दूर ठेवून जिवंत ससे मारायला लावतात, तेव्हा कुठे ती सोडली जातात. तरीही 2007 मध्ये स्पेनच्या दोन्याना भागात मांजरांचा ल्युकेमिया हा विषाणूजन्य रोग शिरला आणि लिंक्स दगावले. आजही तिथे गाड्यांखाली फार लिंक्स मरतात.

वाघिणीही आईच्या आसपासच बस्तान मांडतात. म्हणून काळी व्याघ्रप्रकल्प (दांडेली), भीमगड, तिलारी, राधानगरी, चांदोली ही जंगलांची साखळी मधे माद्या टिकल्या तरच चालेल. भीमगड अभयारण्य जेमतेम 190 चौरस किलोमीटर. वाघाला वर्षाला सांबर-डुकरासारखी पन्नासएक जनावरे लागतात. ती फाशात आणि गावठी बॉम्बने संपली तर नुसते जंगल काय कामाचे?

या पट्ट्यातून जांबोटी–कणकुंबी–चोर्ला आणि खानापूर–लोंढा–अनमोड हे दोन रस्ते जातात. रुंदीकरणात नळाच्या मोऱ्या टाकून ‘वन्यजीवांची सोय’ म्हणणे ही धूळफेक आहे. पलीकडचा उजेड आणि झाडी दिसल्याशिवाय गवा आत पाऊल टाकत नाही. शिवाय जून ते सप्टेंबर आपले ओहोळ तुडुंब असतात, म्हणजे नेमकी मोरीच बुडते. नाल्यावरचा पूल दोन्ही काठांवर लांबवून खाली कोरडी पट्टी ठेवली पाहिजे, जनावरे त्या तोंडाशीच येतील असे बाजूचे कुंपण हवे, आणि खाली दिवे, टपऱ्या, पार्किंग काही नको. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग 44 वर महाराष्ट्राच्या हद्दीत सुमारे 16 किलोमीटरमध्ये असे नऊ मार्ग आहेत. सर्वांत लांब 750 मीटरचा. वाघ ते वापरतात.

दुसरा धोका विषाचा. जानेवारी 2020 मध्ये गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात चार वाघ विषाने मेले; कारण गुरे मारल्याचा राग. वाघ आपल्या शिकारीवर रात्री परत येतो, विष नेमके तिथेच टाकले जाते. त्यामुळे पंचनामा त्याच दिवशी आणि भरपाईचा पहिला हप्ता जागेवर, हाच खरा उपाय. महिनोन्‌महिने कागद फिरवायचे आणि वर धनगर-गवळ्यांना संयमाचे धडे द्यायचे, हे शोभत नाही. जंगलकाठच्या गावांतल्या कुत्र्यांना डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाची लसही टोचायला हवी. गीरमध्ये 2018 साली याच रोगाने सिंह मेले.

राहिली मोजणी. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर, गुडघ्याच्या उंचीवर लावतात. कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र या तिन्ही वनखात्यांनी ही छायाचित्रे दर महिन्याला एकमेकांशी ताडून पाहावीत आणि वाघ रस्ता नेमका कुठे ओलांडतात ते नकाशावर मांडावे. तो नकाशा पुलांच्या जागा ठरण्याआधी रस्ते खात्याच्या टेबलावर पोचायला हवा.

आपले,
वन्यजीव अभ्यासक, खानापूर (जि. बेळगाव)