एमआयपीचा उपयोग बेदाण्याला, द्राक्षांना नव्हे

महोदय,

फवारणीच्या औषधांच्या अवशेषांची चर्चा निघाली की रेणूचा ठसा घेतलेल्या पॉलिमरचे, म्हणजे ‘एमआयपी’चे नाव हल्ली पुढे येते. एखाद्या रेणूभोवती पॉलिमर घडवून तो रेणू काढून घेतला की त्याच्या मापाची खाच उरते; तोच हा ठसा. या पावडरीने द्राक्षे धुऊन अवशेष काढता येतील, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. प्रयोगशाळेत नमुन्याच्या अर्कातून एखादाच पदार्थ वेचून घेणे एवढेच तिचे काम.

द्राक्षांत शेकडो कीडनाशके एकाच फेरीत पाहावी लागतात. एमआयपी मात्र एक रेणू, फार तर त्याचे भाऊबंद धरते. तिथे अनेक कीडनाशके एकदम अर्कात उतरवणारी क्वेचर्स पद्धतच बरी. २०१० साली ज्या क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधावरून (बागायतदारांच्या ‘लिहोसीन’वरून) आपली द्राक्षे युरोपात अडकली, तो रेणू क्वेचर्सच्या हाती नीट लागत नाही, हा अपवाद.

बेदाण्याचे दुखणे वेगळे. काळ्या बुरशीपासून येणाऱ्या ऑक्राटॉक्सिन ए या एकाच विषाची मर्यादा युरोपने २०२३ पासून किलोला १० वरून ८ मायक्रोग्रॅमवर आणली. अर्कातली साखर आणि तपकिरी रंग यंत्राच्या मोजणीत ढवळाढवळ करतात. शोधायचा रेणू एकच आणि अर्क गढूळ, अशा ठिकाणी एमआयपीचे कार्ट्रिज (ही पावडर भरलेली छोटी नळी) कामाला येते.

पॉलिमर करताना साचा-रेणू (ज्याचा ठसा घ्यायचा तो), त्याला धरणारा मोनोमर (पॉलिमरचा सुटा घटक) आणि साखळ्या एकमेकींना जोडणारा क्रॉसलिंकर यांचे मोलचे प्रमाण साधारण १:४:२० असते. ऑक्सिजन राहिला तर पॉलिमर नीट तयार होत नाही, म्हणून मिश्रणातून आधी नायट्रोजन सोडायचा आणि मग ६० अंशांवर २४ तास ठेवायचे. तयार झालेला गोळा दळून चाळायचा; अगदी बारीक भुकटी काढून टाकली नाही तर कार्ट्रिज तुंबते. शेवटी साचा-रेणू काढण्यासाठी मेथनॉल व असिटिक ॲसिडच्या ९:१ मिश्रणाने सॉक्सलेटमध्ये (तोच द्रव पुन्हा पुन्हा फिरवून धुणाऱ्या काचेच्या उपकरणात) धुवायचे.

खरी गोम इथेच आहे. कितीही धुतले तरी थोडा साचा-रेणू आत अडकून राहतो आणि पुढे झिरपतो. मोजायचे मायक्रोग्रॅममध्ये, त्यामुळे चांगला बेदाणाही नापास होऊ शकतो. उपाय असा: ठसा ऑक्राटॉक्सिनचा न घेता त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या रेणूचा घ्यायचा. तो झिरपला तरी यंत्रावर वेगळा दिसतो.

वापरतानाची नेहमीची चूक म्हणजे घाई. ऑक्राटॉक्सिन आम्लधर्मी असल्याने अर्क आधी आम्ल करावा लागतो. पाण्यातला अर्क सोडल्यावर कार्ट्रिज व्हॅक्यूमवर पूर्ण कोरडे करायचे. पाणी उरले तर हायड्रोजन बंध जुळत नाहीत आणि पुढच्या धुण्यात विषही वाहून जाते. धरलेले विष शेवटी उतरवून घ्यायला असिटिक ॲसिड मिसळलेले मेथनॉल वापरायचे.

कार्ट्रिज घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडे एक आकडा जरूर मागावा: ठसा न घेता, बाकी सगळे तसेच ठेवून केलेले पॉलिमर तेच विष किती धरते? दोन्ही आकडे सारखेच निघाले, तर ठशाचे पैसे फुकट गेले.

आणि हे सगळे नमुना नीट काढल्यानंतरचे. विष मोजक्याच मण्यांत असते. वरच्या खोक्यातले मूठभर बेदाणे तपासून पूर्ण लॉट पास करण्यात अर्थ नाही. अनेक खोक्यांतून, तळापासून काढलेले किलोवारी बेदाणे पाणी घालून मिक्सरमध्ये एकजीव वाटायचे आणि त्यातून नमुना घ्यायचा. कोरडे वाटले तर चिकट गोळा होतो आणि विष एकसारखे मिसळत नाही.

– रसायनशास्त्राचे दोन अध्यापक, विश्रामबाग, सांगली