आई, ती पुडी त्याच्या चहात घालू नकोस

ती. आई-बाबांना,
सा. न.

काल फोनवर आई रडायला लागली आणि मला पुढे काही बोलताच आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आई, आधी आपल्या धाकट्याची दारू सुटावी म्हणून तुला दिलेल्या त्या पुडीचं. 'चहातून दे, त्याला कळू देऊ नको' असं ज्यांनी सांगितलं त्यांच्या मनात वाईट नसेल. पण त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल, तर वर दारू गेल्यावर ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. औषध खरं आहे, डॉक्टर देतातही, पण तपासण्या करून आणि पेशंटला सगळं सांगून. शेवटच्या डोसनंतरही 2 आठवड्यांपर्यंत त्याचा परिणाम राहू शकतो. शिवाय त्याला कळलं, तर तुझ्या हातचं पाणी तरी तो निर्धास्तपणे पिईल का?

बाबा, तुम्ही म्हणालात, खोलीत कोंडला की आठवड्यात सुटेल. तुमची तगमग कळते मला. पण सकाळी त्याचे हात थरथरतात, घोट घेतला की थांबतात, म्हणजे शरीराला सवय जडली आहे. अशी दारू एकदम तोडली तर पहिल्या 2 दिवसांत फिट येऊ शकते, मग भ्रम होऊ शकतो. थांबवायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

परवा मी त्याच्याशी तासभर बोलले. किती प्यायलास, हे विचारलंच नाही. प्यायल्यावर काय बरं वाटतं, एवढंच विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "झोप लागते गं ताई. नाहीतर नोकरी गेल्याचं रात्रभर डोक्यात फिरतं." आपल्या घरात हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता, मीसुद्धा नाही. त्याचं मला फार वाईट वाटतंय.

'कायमची सोडतो' असं तो म्हणाला नाही. डॉक्टरांकडे येतो आणि कमी करायचं बघतो, एवढंच म्हणाला. बाबा, तुम्हाला हे अर्धवट वाटेल. मला नाही वाटत. आईने घातलेल्या शपथा त्याने तीनदा घेतल्या, तीनदा मोडल्या, आणि दर वेळी तो आपल्यापासून आणखी लपायला लागला. हे त्याने स्वतः ठरवलंय. पुन्हा घसरला तरी लगेच 'संपलं सगळं' म्हणू नका, हे अनेकांचं होतं. त्या रात्री भांडू नका, सकाळी शुद्धीत असताना बोला. त्याची उधारी मात्र आता फेडू नका.

एक गोष्ट त्याने सांगितली ती तुम्हाला माहीत हवी: कधी कधी तो दारूवर झोपेच्या गोळ्याही घेतो. दोन्हींनी मिळून श्वास मंदावतो. हाका मारूनही उठला नाही, घोरणं विचित्र वाटलं, तर 'झोपू दे, उतरेल' म्हणू नका. कुशीवर वळवा, ताबडतोब अँब्युलन्स बोलवा, मग मला फोन करा.

गुरुवारी सकाळची वेळ घेतली आहे. मी बुधवारी रात्री येते. तुम्हीही चला असं त्यानेच सांगितलंय, फक्त आत आधी तो एकटा जाईल. ती पुडी फेकू नकोस आई, डॉक्टरांना दाखवू.

तुमची,
ताई