ई-बुकला पैसे देऊ की, पण किंमत नीट लावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठी वाचकाला ई-बुक फुकटच पाहिजे असतं असं हल्ली सारखं ऐकायला मिळतं, ते मला अजिबात पटत नाही. आमच्या सांगलीत पुस्तक प्रदर्शन लागलं की हीच माणसं पिशवी भरून पुस्तकं नेतात. मग ई-बुक घेताना हात का आखडतो, तर ३०० रुपयांचं छापील पुस्तक प्रदर्शनात २० टक्के सूट धरून २४० ला पडतं आणि त्याचंच ई-बुक २५० ला लावलेलं असतं, ज्याला ना कागद, ना बायंडिंग, ना गोडाऊनचं भाडं. शिवाय छापील पुस्तक वाचून झालं की बहिणीला देता येतं, वाचनालयाला देता येतं. किंडलवर आपण घेतो तो नुसता वाचायचा परवाना, पुस्तक त्या अकाउंटमध्येच अडकलेलं.

लेखकाचं मानधन, संपादन, टाइपसेटिंग, प्रूफ हा खर्च दोन्हीकडे आहेच आणि तो वाचकाने द्यायलाच पाहिजे, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चोरीच्या पीडीएफ मी तरी उघडत नाही. म्हणून माझा हिशोब सरळ आहे, छापील किमतीच्या निम्मे. ३०० च्या पुस्तकाला १५० मी आनंदाने देईन.

पण मग माल तरी नीट द्या ना. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही माझ्या वडिलांना बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून मुद्दाम त्यांच्यासाठी एक कादंबरी घेतली तर ती नुसती स्कॅन केलेली पानं निघाली, अक्षर मोठं करायला गेलं की ओळ स्क्रीनच्या बाहेर, मग प्रत्येक ओळीला बोटाने पान इकडून तिकडे सरकवत बसायचं, चार पानांत त्यांनी टॅब बाजूला ठेवला. असल्या फाइलला ५० रुपयेसुद्धा जास्त आहेत.

आणि सरकारने पण जरा बघावं. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आणि ई-बुकवर मात्र कर. २०१८ ला तो १८ वरून ५ टक्क्यांवर आणला, पण ज्याची छापील आवृत्ती आहे अशाच ई-बुकसाठी. छपाईला पैसे नाहीत म्हणून थेट ई-बुक काढणारी नवीन लिहिणारी पोरं त्यातून वगळली, हे फारच चुकीचं झालं. हा कर काढूनच टाकावा, आणि ई-बुक टाइप केलेलं आहे की स्कॅन, हे किमतीच्या शेजारी स्पष्ट लिहावं एवढी प्रकाशकांना विनंती.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली