नवा फोर्क बसवला, पण हँडलचा कोनसेट कोण तपासणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळा-कॉलेजातली बरीच पोरं आता माउंटन बाइक चालवतात, आणि पुढचा शॉकअप जाम झाला किंवा गंजला की नवा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा शॉकअपवाला चिमटा, मागवून जवळच्या दुकानात बसवून घेतात. त्यात वावगं काही नाही. पण फोर्क बसवल्यावर हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं ती बेअरिंग, ज्याला आता सगळे हेडसेट म्हणतात, तो नीट सेट न करताच सायकल गिऱ्हाइकाच्या हातात दिली जाते हे मी बऱ्याचदा बघतोय आणि त्याबद्दलच लिहायचंय, कारण पुढे प्ले, म्हणजे ढिलेपणा, असताना सिंहगडाचा घाट उतरणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

माझ्या भाच्याच्या सायकलचंच सांगतो. नवा फोर्क, दिसायला सगळं चकाचक, पण पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलली की हँडलखाली टकटक. परत दुकानात नेली तर तिथल्या पोराने वरच्या टोपीचा बोल्ट आवळला, मग अजून आवळला, टकटक तशीच. कारण स्टेमचे, म्हणजे हँडलला फोर्कच्या नळीशी जोडणाऱ्या तुकड्याचे, बाजूचे दोन बोल्ट आधीच फिट्ट होते. आताच्या सायकलींत वरचा बोल्ट हँडल धरून ठेवायला नसतोच, त्याचं काम फक्त फोर्कची फ्रेममधून वर येणारी नळी वर ओढून बेअरिंगवर दाब द्यायचं, आणि ती नळी स्टेमने आधीच पकडून ठेवली असेल तर वर सरकणार कुठून? बोल्ट हाताला घट्ट लागतो पण दाब बेअरिंगपर्यंत पोचत नाही, फार जोर लावला तर नळीत ठोकलेला, हा बोल्ट ज्यात बसतो तो स्टारनटच उपटून येतो. बाजूचे बोल्ट सैल करा, वरचा थोडा थोडा आवळत प्ले घालवा, हँडल चाकाच्या रेषेत आणा, मग बाजूचे आळीपाळीने आवळा, बऱ्याच स्टेमवर ५ किंवा ६ न्यूटन मीटर असं छापलेलंच असतं. पाच मिनिटांचं काम आहे हो.

यात त्या पोराचा मला राग नाही. जुन्या लोखंडी सायकलींवर हात बसलेल्या कारागिरांकडून तो शिकला, तिथे नळीला आटे असायचे, छर्रे सेट करून वरून नट आवळला की काम पक्कं. तीच सवय नव्या सायकलला चालत नाही एवढंच, पण हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

फोर्क विकत घेतानाही लोक फसतात. जुनी सरळ नळी वरपासून खालपर्यंत २८.६ मिमी असते, नवीन बऱ्याच फोर्कची खाली दीड इंच होते, ती सरळ नळीसाठी केलेल्या फ्रेममधे जात नाही. १०० मिमी ट्रॅव्हलच्या, म्हणजे तेवढा दबणाऱ्या, शॉकअपच्या जागी कुणी १४० चा टाकतं, मग पुढचा भाग उचलला जातो, वळताना सायकल जड वाटते आणि फ्रेमवर नको तेवढा ताण येतो. जुन्या फोर्कच्या नळीच्या बुडाशी जी रिंग घट्ट बसलेली असते, क्राउन रेस, ती काढून नव्यावर पूर्ण खाली ठोकून बसवावी लागते, ती तिरकी राहिली तर दोन दिवस चालवली की पुन्हा ढिलं. आणि नळी कापताना तिचं टोक स्टेमच्या किंवा वरच्या स्पेसरच्या (कड्याच्या) साधारण ३ मिमी खाली पाहिजे, बरोबरीत राहिलं तर टोपी नळीवरच टेकते आणि दाब पडत नाही, जास्त कापलं तर नवा फोर्क वाया.

पालकांनी घरी एवढं तरी बघा. पुढचा ब्रेक दाबून फ्रेम आणि हेडसेटच्या सांध्यावर बोट ठेवा आणि सायकल मागेपुढे करा, बोटाला हालचाल लागली तर प्ले तिथेच आहे, नाहीतर शॉकअपच्या नळ्यांत असू शकतो. मग पुढचं चाक उचला, हँडल आपोआप एका बाजूला पडलं पाहिजे, अडून बसलं तर जास्त आवळलंय. मधोमध खाच लागल्यासारखं थांबत असेल तर ढिलं चालवून छर्र्यांनी रेसला, म्हणजे ते फिरतात त्या वाटीला, खड्डे पाडलेत, तिथे आवळून काही होत नाही, बेअरिंग बदला. पावसाळ्यात चाकाचं पाणी खालच्या बेअरिंगवर उडतं, म्हणून पाऊस संपल्यावर एकदा उघडून ग्रीस भरून घ्या.

दुकानदारांना कळकळीची विनंती आहे, फोर्क बसवल्यावर या दोन्ही चाचण्या गिऱ्हाइकासमोर करून दाखवा, बिलावर तसं लिहा, आणि आठवड्याभराने सायकल पुन्हा आणायला सांगा कारण नव्याने बसवलेले पार्ट चालवल्यावर थोडे बसतातच. त्याचे शंभर रुपये जास्त लावलेत तरी आम्ही खुशीने देऊ.

आपला,
एक सायकलस्वार, कोथरूड, पुणे