पुराचा आराखडा गावात बसून करा

महोदय,

रोहिणी नक्षत्र जवळ आलं की आमच्या शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या घरांत आवराआवर सुरू होते. धान्य माळ्यावर, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर मी या घरात काढले.

पुराचे आकडे मोबाइलवर येतात. राजाराम बंधारा, इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पण तो बंधारा पंचगंगेवरचा, कोल्हापूरजवळचा. इकडे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, त्याला फुग येते. तिकडं उतार पडला तरी आमच्या गल्लीत पाणी चढतच असतं. २०१९ ला सासूबाईंनी पाण्याच्या कडेला तुरकाठी रोवली आणि बॅटरी घेऊन तासातासाला बोटं मोजली. चार बोटं चढलं तशा म्हणाल्या, "आता म्हशी सोडा." त्या रात्रीच निघालो म्हणून जनावरं वाचली. ज्यांनी उजाडायची वाट पाहिली त्यांना बोटीतून यावं लागलं, आणि बोटीत म्हैस बसत नाही.

लोक हट्टानं घर सोडत नाहीत, असं दर पुरात ऐकते. दावणीला गाभण म्हैस बांधलेली असताना कोण निघेल? माणसांची सोय शाळेत होते. जनावरं कुठं बांधायची, वैरण कोण देणार, दूध कुठं घालायचं, हे आधी सांगा. मग बघा, गल्लीत एक माणूस मागं राहणार नाही.

गावचा आपत्ती आराखडा मी गेल्या वर्षी पाहिला. मदतीला ज्यांचे नंबर दिलेत, त्यातले एक गृहस्थ वारून दोन वर्षं झाली. बाहेर पडायचा रस्ता म्हणून जो दाखवलाय, तो ओढ्यावरचा. सगळ्यात आधी तोच पाण्याखाली जातो. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं.

हीच पोरं बोट येईपर्यंत गुऱ्हाळाच्या काहिलीत, म्हणजे गूळ शिजवायच्या मोठ्या कढईत, बसवून म्हातारी माणसं बाहेर काढतात. अंगात लाइफ जॅकेट नसतं. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला बोट उलटली, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. यांना पावसाळ्याआधी शिकवा, जॅकेटं गावातच ठेवा.

माझी विनंती एवढीच, की आराखडा ग्रामसभेत वाचावा आणि तिथंच दुरुस्त करावा. आशाताई, दूध संस्थेचे सचिव, ट्रॅक्टरवाले, जुनी माणसं, सगळ्यांना बसवा. आमच्या इथं नदीला किती फूट पाणी झालं की ते कुठल्या गल्लीत शिरतं, ते चावडीच्या भिंतीवर रंगवा.

आमच्या बचत गटानं गल्लीतली अंथरुणाला खिळलेली माणसं, दिवस गेलेल्या लेकी-सुना आणि गाभण जनावरं यांची यादी वहीत लिहून ठेवली आहे. ती कुणाकडं द्यायची, तेवढं सांगावं.

– एक दूध उत्पादक महिला, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर