काकू, पावतीपुस्तक अजून त्याच खणात आहे

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे. पण गेल्या आठवड्यात ऑफिसात निधी संकलनासाठी एक नवी मुलगी रुजू झाली. एमएसडब्ल्यू केलेली, चुणचुणीत. दुसऱ्याच दिवशी तिनं विचारलं, "ताई, लोकांकडे पैसे मागायचे कसे?" मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते तुमचंच वाक्य: "मागायचं नंतर बघू. आधी पावती फाडायला शीक."

२०१७ च्या एप्रिलमध्ये हे वाक्य ऐकून मी घरी जाऊन रडले होते, ते आज सांगून टाकते. जाहिरातीतली नोकरी सोडून आले होते. ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहासाठी आपण मोठमोठ्या कंपन्यांसमोर प्रेझेंटेशन करणार, असं डोक्यात होतं. आणि बँकेच्या काउंटरवर उभी हयात काढून निवृत्त झालेल्या, आपल्याकडे फुकट राबणाऱ्या तुम्ही मला कार्बन घालून पावत्या लिहायला बसवलंत. तीन महिने!

त्याच एप्रिलपासून रोख देणगीवरच्या ८०जी या आयकर सवलतीची मर्यादा १०,००० वरून २,००० रुपयांवर आली होती. तुम्ही ते पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर लाल शाईनं लिहिलं होतंत. पाच हजार रोख घेऊन आलेल्या माणसाला हे पैसे हातात घेण्याआधी सांगायचं, नंतर नाही, ही ताकीद वेगळी. मी एकदा फोनवर कुणाला तरी "निम्मे पैसे परत मिळतात हो" असं ठोकून दिलं, तेव्हा तुम्ही मला त्या माणसाला पुन्हा फोन करायला लावलात. दहा हजार दिले तर पाच हजार करपात्र उत्पन्नातून वजा होतात, वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा कर साधारण हजारानं वाचतो, बस. नवी करप्रणाली घेतलेल्याला तर तेवढंही नाही. आजही कितीतरी संस्थांची माणसं ही थाप मारतात, बहुतेक वेळा अजाणता.

निगडीचे आजोबा आठवतात? दरवर्षी बायकोच्या स्मृतिदिनाला ५०१ रुपये पाठवायचे. मी पावतीवर "कै. सुमन"च्या जागी "कै. सुमती" लिहिलं. आजोबांचा फोन आला. रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "बाळ, ही आमची नव्हे." मी दुरुस्त पावती पोस्टानं पाठवायला निघाले, तर तुम्ही माझ्या हातात पीएमपीचे सुटे पैसे ठेवलेत. ५०१ रुपयांसाठी दीड तास बसनं जायचं, हा हिशेब मला त्या दिवशी पटला नव्हता. आजोबांनी पावती चष्मा लावून दोनदा वाचली, घडी न घालता फोटोच्या चौकटीमागे सरकवली आणि मला पोहे खायला घातले. वसतिगृहाबद्दल मी एक अक्षर काढलं नाही. पोहे खाऊन होईपर्यंत त्यांनीच सगळं विचारलं: मुलं किती, भाकरी कोण करतं, आईबाप ऊसतोडीहून परत कधी येतात. पुढच्या वर्षी त्यांच्या पाकिटात मुलाचा आणि सुनेचा असे आणखी दोन चेक होते.

मग तुम्ही मला ते कॅलेंडर करून दिलंत. आपला खर्च सुरू होतो दसरा-दिवाळीच्या सुमारास, टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की. देणग्या येतात मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात, सीएनं आठवण केली की. मधले पाच महिने किराणावाल्याचे पाय धरायचे. तुम्ही कालनिर्णयच्या पानांवर पेन्सिलनं खुणा केल्यात: पाडवा, अक्षय्य तृतीया, गणपती आणि पितृपक्ष. पितृपक्षावर मी हसले होते. "त्या पंधरा दिवसांत माणसं गाडी घेत नाहीत, सोनं घेत नाहीत," तुम्ही म्हणालात, "पण आईवडिलांच्या नावानं अन्नदान करतात, आणि आपल्याकडे तेव्हाच धान्य भरायचं असतं." माझ्या आधीच्या नोकरीत याला लाखो रुपयांचं संशोधन म्हणाले असते.

सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाच्या, बाबतीत मात्र मी तुमचं न ऐकता तोंडावर आपटले. कंपनी कायद्याचं कलम १३५ पाठ केलं होतं: निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं काहीही एक असलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के त्यावर खर्च करायचे. एकच प्रपोजल चाळीस कंपन्यांना पाठवलं. चाकणच्या एका कंपनीनं बोलावलं आणि पहिलाच प्रश्न केला, "काम खेड तालुक्यात आहे का?" आपलं काम बीडमध्ये. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं, हे त्याच कायद्यात लिहिलंय आणि मी ते वाचून सोडून दिलं होतं. तुम्ही फक्त विचारलंत, "मग मराठवाड्यातल्या वाळूजच्या कंपन्यांकडे का नाही जात?" गेले. पहिला हप्ता यायला चौदा महिने लागले, पण आला.

त्या प्रपोजलच्या अंदाजपत्रकात मी गाद्या, धान्य, सोलर हीटर सगळं घातलं होतं. स्वयंपाकीण आणि वॉर्डन यांचे पगार शून्य, कारण देणगीदाराला पगार आवडत नाहीत, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. तुम्ही कागद वाचून म्हणालात, "भाकरी काय सोलरवर आपोआप थापल्या जाणार?" तेव्हापासून मी पगार पहिल्या ओळीत लिहिते. काही जण तिथेच नाक मुरडतात. मुरडू देत.

आणि ते मार्चअखेरचे गृहस्थ. तीन लाखांचा चेक देतो, थोडी टक्केवारी ठेवून बाकी रोख परत करा, म्हणाले. इतक्या सहज, की मला आधी कळलंच नाही. तुम्ही त्यांच्यापुढे चहा ठेवलात आणि म्हणालात, "आपल्याकडे तसं होत नाही. साखर कमी आहे, चालेल ना?" त्या वर्षी वॉर्डनचा पगार दोन महिने थकला. मी तुमच्यावर मनातून चिडले होते. टक्केवारीतूनही पगार निघाला असता, हा हिशेब मी वहीच्या मागे केला होता. ते पान मी अजून फाडलेलं नाही.

एका बाबतीत मात्र तुम्ही चुकलात, काकू. क्यूआर कोड. "भिंतीवर चिकटवलेल्या चौकोनाला कोण पैसे देतं?" लोक देतात. शंभर देतात, एकशे एक्कावन्न देतात, वाढदिवसाला रात्री बारा वाजता देतात. पण खात्यावर नाव दिसतं फक्त "बाळू", आणि मग आम्ही बाळूचा पॅन शोधत बसतो. २०२१-२२ पासून प्रत्येक देणगीदाराची नोंद ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे ऑनलाइन भरावी लागायला लागली. पॅनचं एक अक्षर चुकलं की त्या माणसाची सवलत अडकते. "सुमन"ची "सुमती" झाली तर काय होतं, हे मी आता सरकारी पोर्टलवरही शिकलेय.

तुम्ही स्वतः महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या वसतिगृहात राहून शिकलात, हे मला फार उशिरा कळलं. विठ्ठलदास ठाकरसींच्या देणगीचे १५ लाख १९२० मध्ये आले, महिला विद्यापीठ सुरू झालं १९१६ मध्ये, आणि त्याआधीची वीस वर्षं अण्णा कर्वे आणे-रुपयांच्या वर्गण्या गोळा करत दारोदार फिरत होते, असं तुम्ही सांगायचात. मी ते इतिहास म्हणून ऐकायचे. तुम्ही त्या वर्गण्यांवर जेवलेल्या होतात.

नवी मुलगी आज सकाळी पावत्या लिहायला बसली आहे. तोंड पाडून. तीन महिने मात्र मी तिला बसवणार नाही, सहा आठवडे पुरेत. त्यानंतर तिला निगडीला घेऊन जाणार आहे. आजोबा आता नाहीत, सूनबाईंनी बोलावलंय.

तुमचे गुडघे आणि डोळे दोन्ही कुरकुरतायत, असं कळलं. गुरुवारी कोथरूडला येते, हे पत्र मोठ्या टायपात छापून आणते. तुमच्या यंदाच्या १,००१ रुपयांची पावतीही सोबत आणतेय. त्या मुलीनं लिहिली आहे, नाव मी दोनदा तपासलंय.

तुमची,
पावतीवाली