धुपदाळच्या अण्णांना

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

जानेवारीत आपल्या लॉजवर दोन दिवस राहून आम्ही बेळगावला परतलो, त्याला आता तीन आठवडे झाले, तरी त्या पहाटेविषयी बोलू लागलो की माझा गळा दाटून येतो. म्हणून हे आभार चारचौघांसमोर मानत आहे.

काचबिंदूने आईची दृष्टी जवळजवळ गेली आहे. गतवर्षी किनाऱ्यावरील मिठागरांलगतच्या एका लॉजवर आम्ही तिला नेले होते. उथळ खाऱ्या पाण्यात शेकाटे आणि तुतवार हे पाणपक्षी चरत होते, सारेजण दुर्बिणीला डोळे लावून बसले होते, आणि तिथल्या माहितगाराने तिच्यादेखत मला विचारले, "यांना दिसत नाही, तर आणलंत कशाला?" त्यानंतर वर्षभर आईने घराबाहेर पडण्याचे नाव काढले नाही.

धुपदाळला ती आली, ती केवळ कांड्या करकोच्यांसाठी. तिचे माहेर गोकाक तालुक्यातले. मंगोलिया-मध्य आशियातून हिवाळ्यात येणारे हे पक्षी हरभऱ्याच्या रानात उतरले की त्यांना हाकलण्याचे काम लहानपणी तिच्याकडे असे. धुपदाळच्या जलाशयाभोवतीचे घटप्रभा पक्षी अभयारण्य 1974 साली जाहीर झाले. तिची त्यांच्याशी ओळख त्याही आधीची.

रात्रभर उथळ पाण्यात उभे राहणारे करकोचे उजाडताच रानाकडे निघतात, हे जाणून आपण अंधारातच तिला काठावर नेऊन बसवले. पहिला थवा ओरडत उठला, तेव्हा आपण हलकेच विचारले, "अव्वा, हात धरू का?" आणि ती हो म्हणाल्यावरच तिचे मनगट धरून, थवा जाईल तसतसा तिचा हात पाण्यावरून पलीकडच्या शेतांपर्यंत, शेवटचा आवाज विरेपर्यंत, फिरवत नेलात. "हरभऱ्याकडं निघाले," आई म्हणाली. आपण एक शब्दही बोलला नाहीत. तिला आधार देताना दंड धरून ओढणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि घाईत मीही तेच केले आहे. आधी विचारणारे आपण पहिलेच. असे सौजन्य शिकवून येत नसावे, ते माणसाच्या घडणीतच असावे.

सोबत कुंदा पाठवत आहे. तो आणायला आई स्वतः दुकानात आली होती.

आपला कृतज्ञ,
बेळगावचा एक पाहुणा